जंगलाचे राखणदार
(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



आज देवळावर कळस चढला. या मंगल प्रसंगी वृक्षसंवर्धनावर दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. मी तालुक्याच्या कचेरीतला कारकून, विद्वान नव्हे. कागदांत वावरणाऱ्या माणसाला जे ठाऊक असते, तेवढेच सांगतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात देव आणि झाड वेगळे नाहीत. ताडोबाच्या तळ्याकाठी तारू देवाचे ठाणे झाडाखालीच आहे. त्याच्या नावाने १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. परंतु नुसता नमस्कार करून जंगल टिकत नाही. त्याला रोजची राखण लागते.

अशी राखण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने करून दाखविली. चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी आपल्या नावापुढे आई आणि वडील या दोघांचीही नावे लावली. जयप्रकाशजींच्या आंदोलनातून आलेल्या या माणसाने 'वृक्षमित्र' संस्थेमार्फत आपले आयुष्य याच कामाला वाहिले. मेंढ्याचे श्री. देवाजी तोफा आणि गावकरी यांच्याबरोबर ते बसले, पण पुढारी म्हणून नव्हे, सोबती म्हणून. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा. तेथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या संमतीने होतो. ठराव सर्वांचा असला की तो मोडायला कोणी धजत नाही.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळविणाऱ्या गावांत त्याची गणना होते. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबू विकण्याचा अधिकार गावाचा झाला, तशी तो राखण्याची जबाबदारीही गावाचीच झाली. मोहनभाऊ २०२५ साली गेले. गावाची सभा मात्र त्यांच्यावाचून थांबली नाही. मला वाटते, हेच त्यांचे खरे स्मारक.

आता आपल्या गावाचे बोलतो. दर पावसाळ्यात आपण रोपे लावतो, फोटो निघतो आणि उन्हाळ्यात तेथे खड्डे उरतात. कारण त्या रोपांना धनी नसतो. सामूहिक दाव्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो, वनहक्क समिती लागते आणि किमान दोन पुरावे लागतात. जुने निस्तारपत्रक चालते, वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात. जुन्या विहिरी, स्मशान आणि देवस्थानेही पुरावा म्हणून चालतात! आजोबा-पणजोबांनी जंगलात शेंदूर लावून ठेवलेला दगड आज आपली साक्ष देऊ शकतो. तो दावा पुढे उपविभागीय समितीकडे आणि नंतर जिल्हा समितीकडे जातो. अर्ज लिहून द्यायला मी रात्री बसेन. पण सभेला बसायचे ते तुम्हां सर्वांनी, बायाबापड्यांसह.

देवळासाठी घरटी वर्गणी दिलीत. जंगलासाठी पैसा नको, पाळी द्या. वणव्याच्या दिवसांत घरटी एक माणूस, एक दिवस.

देवाचे छप्पर आपण सावरले. गावाचे छप्पर ते जंगल. तेही सावरण्याची बुद्धी ग्रामदैवताने आपणांस द्यावी, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.