शिकलेल्या विद्येला काम मिळावें कसें?

(खामगांव येथें शेतकरी-कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आपण पोटाला चिमटा घेऊन पोरांना कॉलेजांत धाडतों. यंत्रविद्या शिकलेला पोर शेवटीं दुकानांत चिठ्ठ्या लिहीत बसतो, आणि गांव विचारतें, शिकून काय केलें? यांत दोष पोराचा थोडा. त्याला वाट कोणी दाखविली नाहीं हा अधिक.

1882 सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनला बजावलें कीं, सरकारी नोकऱ्या साऱ्यांना पुरणार नाहींत. स्वतंत्रपणें पोट भरेल अशी विद्या द्या. आज खामगांवीं सरकारी तंत्रनिकेतन आहे, आय.टी.आय. आहे. पण विद्या आणि काम यांच्यामध्यें हाताच्या सरावाची एक पायरी असते. सुताराचें पोर ती बापाशेजारीं बसून चढतें. कॉलेजच्या पोरासाठीं ती 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें बांधली. 1973 च्या दुरुस्तीनें पदवी-पदविकावाले इंजिनियरहि तींत आले. 2019 च्या नियमांप्रमाणें तीस किंवा अधिक माणसें राबविणाऱ्या कारखान्यानें उमेदवार घेतलेच पाहिजेत, त्यांना विद्यावेतनहि दिलें पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे, कायदा आहे.

उमेदवारीनंतर कायमची नोकरी मिळेलच असें नाहीं. पण हातीं सराव येतो, दाखला येतो, आणि कारखान्यांतलीं माणसें ओळखीचीं होतात.

म्हणून निकालाची वाट पाहूं नका. सुटींतच पोरापोरींना कामाच्या जागीं धाडा. सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर नांव फुकट नोंदतां येतें, तें नोंदवा. आणि नोकरी लावून देतों म्हणणाऱ्या दलालासाठीं शेत गहाण टाकूं नका. शेत गेलें तर पोराला परत यायला बांधहि उरणार नाहीं!