हात धरू नका, माऊस बदला

सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल चित्र काढायला बसलं की घरातलं कुणीतरी मायेने त्याचा हात धरतं आणि कागदावर फुलं उमटवतं. चित्र छान होतं. पण ते हात धरणाऱ्याचं होतं. मुलाची स्वतःची रेघ उमटावी म्हणून मला डिजिटल साधनांचं मोल वाटतं.

माऊसने रेघ ओढायची तर बटण दाबून धरायचं, तसंच सरकवायचं आणि नेमक्या जागी सोडायचं. थरथरत्या किंवा ताठरलेल्या हाताला हे सगळं एकदम जमणं कठीण. ‘टक्स पेंट’ या मुलांसाठीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यावर साधी सोय आहे. सेटिंग बदललं की एका क्लिकने रेघ सुरू होते, दुसऱ्या क्लिकने थांबते. मधे बटण दाबून धरावं लागत नाही. माऊसऐवजी कीबोर्ड किंवा जॉयस्टिकही चालतो. शिवाय ते मराठीतही वापरता येतं, त्यामुळे आजीसुद्धा नातवाशेजारी बसू शकते.

ज्याला एखादंच बटण दाबता येतं, त्याच्यासाठी स्विच. पडद्यावरचे पर्याय एकेक करून उजळतात; हवा तो उजळला की दाबायचं. आयपॅडवर ही सोय २०१३ पासून आहे. काम फार संथ चालतं. अशा वेळी शेजारच्याने घाई करू नये, ‘निळा घे ना’ असंही सुचवू नये. साधन शिकण्यापेक्षा हे गप्प बसणंच आपल्याला जड जातं.

आणि हात मुळीच हलत नसतील तर? लॉस एंजेलिसचे ग्राफिटी कलाकार टोनी क्वान एएलएस या मज्जासंस्थेच्या आजाराने अंथरुणाला खिळले होते. २००९ मध्ये काही कलाकार आणि प्रोग्रामर एकत्र आले. स्वस्तातला गॉगल, प्लेस्टेशनचा कॅमेरा आणि इन्फ्रारेड दिवे जोडून त्यांनी ‘आयरायटर’ तयार केलं. क्वान यांनी डोळ्यांच्या हालचालीने रेखाटलेली अक्षरं प्रोजेक्टरने शहरातल्या इमारतीवर झळकली. ही कृती आणि प्रोग्राम त्या मंडळींनी सर्वांसाठी खुला ठेवला, याचं मला फार कौतुक आहे. आज नजरेने चित्रं काढणारी शाळकरी मुलंही आहेत.

हा नुसता सोयीचा नाही, हक्काचाही प्रश्न आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे. त्यातल्या ३० व्या कलमानुसार या व्यक्तींच्या कलागुणांना वाव द्यायचा, तो त्यांच्यासाठी आणि समाज समृद्ध व्हावा म्हणूनही.

गणेशोत्सवात मुलांची चित्रकला स्पर्धा ठेवाल तेव्हा खडूंशेजारी एक लॅपटॉप आणि जॉयस्टिक ठेवा. वेळेची अट काढून टाका. आणि अपंग मुलांच्या आईवडिलांना स्वतः फोन करून बोलवा.