कुपीवर लिहिलंय ‘केवळ संशोधनासाठी’

जेऊरहून एका दादांचा व्हॉइस मेसेज आलाय. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे. रिपोर्टात एचडीएल, म्हणजे आपण ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो ते, कमी आहे. भाच्याने नेटवर एक कुपी शोधून काढली: ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन अपोलिपोप्रोटीन ए-वन’. एचडीएलमधलं मुख्य प्रथिन हेच, मग मागवून टोचून घेतलं तर?

दादा, प्रश्न वेडगळ नाही. याच प्रश्नावर मोठमोठ्या कंपन्यांनी पैसा ओतलाय. पण ती कुपी मागवू नका. का, ते सांगते. प्रयोगशाळेत अशा कुप्या मी रोज हाताळते.

चरबी पाण्यात विरघळत नाही, आणि रक्तात तर बहुतेक पाणीच. म्हणून चरबीला वाहून नेणारी प्रथिनं लागतात, ती ही अपोलिपोप्रोटिनं. ए-वन ही २४३ अमिनो आम्लांची साखळी. पेशींमधलं जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत न्यायच्या कामात तिचा मोठा हात असतो.

आता कुपीतलं प्रथिन येतं कुठून? आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही, त्यामुळे मळीपासून अल्कोहोल कसं होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. यीस्टला खाऊ घालायचं, ते आपल्या स्वभावाने अल्कोहोल करतं. इथे बहुतेक वेळा यीस्टच्या जागी ई. कोलाय हा जिवाणू असतो. त्याच्यात माणसाचं जनुक घालतात, मग तो आपलं प्रथिन बनवू लागतो. नंतर जिवाणू फोडायचे आणि त्या लगद्यातून हवं ते प्रथिन गाळून काढायचं. खरी मेहनत इथेच. जिवाणूच्या कवचाचे तुकडे, एंडोटॉक्सिन म्हणतात त्यांना, थोडे जरी रक्तात गेले तरी थंडी-ताप येतो, रक्तदाब कोसळू शकतो. आमच्या कामाला थोडं उरलं तरी बऱ्याचदा चालतं. शिरेत चालत नाही.

मग आम्ही त्याचं करतो काय? बशीत वाढवलेल्या पेशींना कोलेस्टेरॉल भरवतो, वर हे प्रथिन घालतो आणि किती कोलेस्टेरॉल बाहेर आलं ते मोजतो. रक्ततपासणीची पद्धत बसवताना मोजमापाचा ठोकळा म्हणूनही ते वापरतात. बस.

आणि माणसांवर करून पाहिलंच नाही असंही नाही. इटलीत गार्डा तलावाकाठी लिमोने नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या काही कुटुंबांत एचडीएल अगदी कमी, तरी हृदयविकार फारसा नाही. त्यांच्या ए-वन प्रथिनात १७३ व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं निघालं. त्याचं नाव पडलं ‘मिलानो’. तेच प्रथिन जिवाणूंकडून बनवून अमेरिकेत रुग्णांना आठवड्याला एक अशी पाच वेळा शिरेतून दिलं. २००३ साली निकाल आला: धमनीतला थर सुमारे ४ टक्के कमी. जगभर गाजावाजा झाला. पण तपासलेले रुग्ण होते फक्त ४७! पुढे तयारी आणखी शुद्ध करून पुन्हा चाचणी घेतली, आणि २०१६ मध्ये फायदा दिसला नाही म्हणून काम थांबवलं. २०२४ मध्ये, रक्तद्रवातून काढलेल्या ए-वनची १८,००० हून जास्त रुग्णांवरची चाचणीही मुख्य कसोटीवर अपयशी ठरली. मला स्वतःला वाटतं, रक्तातला एचडीएलचा आकडा वाढवला की हृदय वाचलं, हे गणितच फार सोपं मांडलं गेलं होतं.

एक हिशेब भाच्याला करायला सांगा. त्या पहिल्या चाचणीत कमीत कमी डोस होता किलोमागे १५ मिलिग्रॅम. वडील ६० किलोचे धरले तर ९०० मिलिग्रॅम. कुपी १०० मायक्रोग्रॅमची असेल, तर एका डोसला ९,००० कुप्या!

वडिलांचं स्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवायची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. पुढच्या वेळी त्यांना एलडीएलचं विचारा, आणि ‘अपो-बी’ची तपासणी करायची का तेही विचारा. अपो-बी हा दुसरा भाऊ, धमनीत चरबी नेऊन साठवणाऱ्या कणांवरचा. त्याला खाली आणणारी औषधं आज मिळतात, आणि ती हजारो माणसांवर पारखलेली आहेत.

बाकी भाच्याला माझा नमस्कार सांगा. बारावीत सायन्सला असेल तर त्याचे पुढचे प्रश्न त्यालाच पाठवू दे.