पेरणीचं वर्ष आणि अनुदानाचं वर्ष

पांडेसऱ्यातल्या डाईंग मिलांत आणि लूमच्या खात्यांवर काम करणाऱ्या आपल्या खानदेशी मंडळींची आखाजीला गावी जायची तयारी सुरू झाली असेल. उधन्याहून गाडी धरायची आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जिथं ज्याचं शिवार जवळ तिथं उतरायचं. रोजगार सुरतेत असला तरी सातबारा तिकडं आहे, आणि जूनमध्ये काय पेरायचं याचा विचार इथं मशीनसमोर उभ्या उभ्याच होत असतो. म्हणून आज मी शेतीसाठी काम करणाऱ्या संस्थांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाविषयी बोलणार आहे. शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होणाऱ्या पैशाची चर्चा गावोगाव होते. संस्थांना जाणाऱ्या पैशाची होत नाही. आपलं बियाणं आणि आपली गुरं यांचं पुढं काय होणार, हे मात्र बरंचसं त्याच पैशावर ठरतं.

उदाहरण लांब नाही. पांडेसऱ्यात रात्रंदिवस पॉलिस्टरवर रंग चढतो आणि तिथून काही किलोमीटरवर, अठवा लाइन्सला, कापसाचं संशोधन केंद्र आहे. तिथलं शेतीचं काम १८९६ पासूनचं. याच केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली संकर-४ हे वाण दिलं. व्यापारी लागवडीसाठी आलेलं हे जगातलं पहिलं संकरित कपाशीचं वाण. गुजरात-६७ आणि अमेरिकन नेक्टरीलेस या दोन वाणांचा तो संकर. त्याचं बी तयार करायचं तर संध्याकाळी एकेका कळीतले पुंकेसर हातानं काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलावर दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे. गुजरातेत आणि महाराष्ट्रात हे वाण पसरलं. आज मिलमध्ये कामाला असणाऱ्या कितीतरी जणांच्या वडिलांनी 'एच-फोर' पेरलेलं असेल.

आता या कामाला लागणारा पैसा कसा असावा लागतो, ते पाहा. कपाशीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. जोड निवडायची, संकर करायचा, पुढच्या वर्षी पेरून पाहायचा, त्याच्या पुढच्या वर्षी वेगवेगळ्या जमिनीत तपासायचा. एका वर्षी मजुरीला पैसे नाहीत म्हणून कळ्या तशाच राहिल्या, तर सगळं काम एक हंगाम मागं जातं. म्हणून संशोधन केंद्राच्या अनुदानातला सर्वांत मोलाचा भाग इमारतीचा नाही. तो शास्त्रज्ञाच्या पगाराचा आणि मजुरीचा आहे, आणि तो खंड न पडता यावा लागतो. पूर्वी हे लोकांना कळत होतं. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि १९२३ च्या कायद्यानं कापसाच्या गाठीवर उपकर बसवला गेला. कापसातूनच आलेला पैसा कापसाच्या संशोधनाला दरवर्षी मिळत राहिला.

महाराष्ट्रात नांदेडच्या केंद्रानं १९८० च्या दशकात एनएचएच-४४ हे असंच गाजलेलं वाण दिलं. २००२ मध्ये बीटी कापूस आला. ते तंत्रज्ञान खासगी मालकीचं होतं आणि बाजार पाहता पाहता खासगी बियाण्यांनी भरून गेला. दुसरीकडं, आज आपल्या कृषी विद्यापीठांत शेकडो पदं रिकामी आहेत. रिकाम्या खुर्चीतून नवं वाण कसं निघणार? बियाण्याच्या पाकिटाची किंमत देताना हा प्रश्न मनात यायला हवा.

सरकारी केंद्रांसारखंच सेवाभावी संस्थांचं. सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचे मणिभाई देसाई १९४६ मध्ये गांधीजींबरोबर उरुळी कांचनला आले आणि तिथलेच झाले. १९६७ मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था काढली. गाईच्या संकरीकरणासाठी बाएफच्या केंद्रातला माणूस शेतकऱ्याच्या दारी जातो. अशा अनेक केंद्रांचा खर्च वेगवेगळ्या राज्य सरकारांनी उचलला. आता हिशेब मांडू. रेतनानंतर वासरू जन्माला यायला नऊ महिने. त्या कालवडीचं पहिलं दूध हाती यायला आणखी साधारण तीन वर्षं. म्हणजे केलेल्या कामाचं फळ दिसायला जवळजवळ चार वर्षं लागतात आणि सरकारचं आर्थिक वर्ष तर ३१ मार्चला संपतं! फळझाडांचंही तेच. १९८२ पासून बाएफनं वांसद्याच्या आदिवासी कुटुंबांबरोबर वाड्या उभ्या केल्या, डोंगरउतारावर आंबा आणि काजू लावले. कलमाला आंबा लागेपर्यंत त्या कुटुंबाला सांभाळायचं, आंतरपिकं द्यायची, पाण्याची सोय करायची, हे एका वर्षाच्या मंजुरीत बसणारं काम नव्हे.

मंजूर झालेला पैसासुद्धा वेळेवर येईल याची खात्री नसते. गुजरात सरकारनं २०२२ च्या अर्थसंकल्पात गोशाळा आणि पांजरापोळांसाठी ५०० कोटी रुपये जाहीर केले. सप्टेंबर उजाडला तरी पैसे हाती आले नाहीत, तेव्हा उत्तर गुजरातेतल्या विश्वस्तांनी जनावरं सरकारी कचेऱ्यांत आणून सोडली. मला त्या विश्वस्तांची तगमग समजते. चारा रोज लागतो. महाराष्ट्रानंही २०२४ मध्ये गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दर गाईमागे दिवसाला ५० रुपये द्यायचं ठरवलं. दिवसाचा दर ठरवला, तर हप्ताही निदान महिन्याचा महिन्याला द्यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेनं हिशेब द्यायलाच पाहिजे. पैसा ठरलेल्या कामालाच खर्च झाल्याचं विनियोग प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही, हा नियम योग्यच आहे. पण ते प्रमाणपत्र लेखापालाच्या कपाटात राहतं आणि गावाला त्यातलं काही कळत नाही. मार्चअखेर घाईघाईनं खरेदी केलेली अवजारं नंतर छपराखाली गंजतात, हेही गावानं पाहिलेलं असतं. जिचा मोठा खर्च सरकार उचलतं, अशा संस्थेकडून माहिती मागायचा अधिकार २००५ च्या कायद्यानं आपल्याला दिला आहे. तो वापरा.

आखाजीला गावी गेलात की आणखी एक करा. कृषी विज्ञान केंद्रात जाऊन या. नंदुरबारचं केंद्र डॉ. हेडगेवार सेवा समिती चालवते, रावेर तालुक्यातलं पालचं केंद्र सातपुडा विकास मंडळ चालवतं आणि धुळ्याचं राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडं आहे. तिन्हींचा खर्च भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पैशातून चालतो. तिथं विचारा, यंदा माझ्या भागात कोणत्या पिकाचं प्रात्यक्षिक आहे, माती तपासून कधी मिळेल, कपाशीचा तज्ज्ञ आहे की ती जागा रिकामी आहे. जागा रिकामी असेल तर कधीपासून, तेही विचारा आणि हीच गोष्ट ग्रामसभेत लेखी मांडा. तुम्ही सुरतेत परत आल्यावर तिचा पाठपुरावा करणारं कुणीतरी गावात आधीच ठरवून ठेवा.