फिलाडेल्फियाच का?

कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठी श्रीरामपूर हे गाव आहे. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली जेथे छापून निघाले, तेच हे श्रीरामपूर. तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी एक सभा भरली होती. बोलावयास उभी राहिली ती वयाची अठरा वर्षेही पुरी न झालेली एक महाराष्ट्रीय ब्राह्मण तरुणी. टपाल खात्यातील नोकर गोपाळराव जोशी ह्यांच्या त्या पत्नी, आनंदीबाई. भाषण इंग्रजीत होते, आणि विषय एवढाच की, आपण वैद्यक शिकण्यास अमेरिकेस का जात आहो.

श्रोतेहो, परदेशी विद्यालयात नाव घालू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला 'तुला येथेच का यावयाचे आहे' हा प्रश्न आज सर्रास विचारला जातो, आणि त्याची उत्तरेही बहुधा ठरीव साच्याची असतात. आनंदीबाईंपुढे हाच प्रश्न आला तो मात्र उलट्या बाजूने. विद्यालयाने विचारण्याच्या आधी तो त्यांना गावाने विचारला, जातीने विचारला, रस्त्यावरच्या टवाळांनी विचारला. अमेरिकेसच का? हिंदुस्थानात सोय नाही काय? एकटीच का? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? तिकडे काही बरेवाईट झाले तर? आणि आजवर कोणा स्त्रीने जे केले नाही, ते हिनेच का करावे? त्या दिवशी आनंदीबाईंनी हे प्रश्न एकेक करून स्वतःच मांडले व एकेक करून त्यांचा परामर्श घेतला.

ह्यातील कळीचा प्रश्न दुसरा होय, कारण तो खोटा नव्हता. मद्रासच्या वैद्यक महाविद्यालयाने १८७५ सालीच स्त्रियांना प्रवेश दिला होता. सुईणपणाचे वर्ग तर सर्वच इलाख्यांत होते. इतकेच नव्हे, तर ज्या वर्षी आनंदीबाईंनी समुद्र ओलांडला, त्याच १८८३ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजानेही स्त्रियांना दार उघडले. पुढे कादंबिनी गांगुली ह्या बंगाली विदुषीने कलकत्त्यातच राहून वैद्यकाचा अभ्यास पुरा केला, तोही आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच साली, १८८६ मध्ये. तेव्हा 'येथे काहीच नव्हते म्हणून त्या गेल्या' असे जे पुष्कळदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. काहीतरी होते, परंतु जे होते ते त्यांना पुरेसे वाटले नाही, आणि का वाटले नाही हे त्यांनी स्पष्ट बोलून दाखविले. येथील शिक्षण अपुरे आहे. शिकविणारे जुन्या मताचे असून स्त्रियांची प्रगती त्यांना थोडीबहुत खुपते. आणि ज्या विद्यार्थिनी ख्रिस्ती किंवा ब्राह्मसमाजी नाहीत त्यांची स्थिती तर फारच अवघड होते.

शेवटचा मुद्दा पुस्तकी नव्हता. पुस्तके घेऊन रस्त्याने चालणारी हिंदू सौभाग्यवती हा त्या काळी एक तमाशाच होता. मुंबईत व बंगालमध्ये लोकांनी टक लावून पाहावे, मोठ्याने हसावे, खडे मारावे, हे आनंदीबाईंनी सोसले होते. धर्म बदललेल्या किंवा पोशाख बदललेल्या स्त्रीला समाज एक वेळ निराळी समजून सोडून देतो. पण आपल्यातलीच राहून जी आपल्याहून निराळे करू पाहते, तिला तो सोडीत नाही.

दुसरी बाजूही अशीच कठीण होती. कोल्हापुरास असताना १८७८ साली गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणाची काही सोय होईल काय, अशी विचारणा अमेरिकन मिशनरी वाइल्डर ह्यांच्याकडे केली होती. वाइल्डरसाहेबांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, पण त्यावर अभिप्राय दिला तो हा की, जोडप्याने आधी ख्रिस्ती व्हावे. घरचे लोक म्हणत, शिकाल तर जात जाईल. आणि परके म्हणत, जात सोडाल तर शिकवू. ह्या दोहोंच्या मधून जाणारी वाट आनंदीबाईंना हवी होती. श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी निक्षून सांगितले की, आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येऊन राहणार.

वाट सापडली ती योगायोगाने. न्यू जर्सी संस्थानातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर ह्या बाई १८८० साली दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता वाइल्डरांच्या मासिकाचा तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी पत्र धाडले, उत्तर आले, आणि एकमेकींना कधीही न पाहिलेल्या ह्या दोघींत मावशी-भाचीचे नाते जुळले. स्त्रियांसाठी वैद्यक विद्यालय लंडनलाही १८७४ पासून होते. परंतु आपल्यासाठी उघडा असलेला घराचा उंबरठा आनंदीबाईंना अमेरिकेतच दिसत होता.

आता फिलाडेल्फियाविषयी. पेनसिल्व्हेनियाचे 'विमेन्स मेडिकल कॉलेज' १८५० साली निघाले. स्त्रियांना वैद्य करण्यासाठीच स्थापन झालेल्या जगातील अगदी पहिल्या संस्थांत त्याची गणना होते. तेथील विद्यार्थिनींची वाटही काही फुलांनी आच्छादलेली नव्हती. १८६९ च्या नोव्हेंबरात त्या शहरातील मोठ्या रुग्णालयात प्रात्यक्षिक व्याख्यानास गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो केली, कागदाचे बोळे फेकले आणि रस्त्यापर्यंत त्यांचा पिच्छा पुरविला. श्रीरामपूरचे खडे आणि फिलाडेल्फियाचे बोळे ह्यांत जातिभेद फारसा नाही! त्याच वर्षी पदवी घेतलेल्या क्लारा स्वेन १८७० च्या आरंभी बरेलीस येऊन स्त्रियांना औषधे देऊ लागल्या होत्या. म्हणजे हिंदुस्थानचे नाव त्या विद्यालयाला अपरिचित नव्हते. परंतु मिशनच्या वैद्यबाईने काम पुरे भागत नाही, हे आनंदीबाईंचे म्हणणे होते. युरोपीय व अमेरिकन बाईला येथली भाषा नवी, चालीरीती नव्या. आणि पुरुष वैद्यापुढे जाण्यापेक्षा आमच्या बायका मरण पत्करतात. ह्या वाक्यामागे काय होते हे ठाऊक असणे अवश्य आहे. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला होता आणि योग्य उपचारांवाचून तो दहा दिवसांतच गेला होता.

असे म्हणतात की, हा सारा हट्ट गोपाळरावांचा. बायकोला शिकविण्याचे वेड त्यांचे, आणि अभ्यासासाठी त्यांनी तिच्यावर हात टाकण्यासही कमी केले नाही. हे खरे आहे व झाकण्याजोगे नाही. तथापि ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोट सुटली तेव्हा गोपाळराव काठावरच होते. घरच्या माणसांचा भार त्यांच्यावर, आणि दोघांच्या प्रवासाला पैसा नाही. विरोधकांना उत्तर देणारी, बोटीवर पाय ठेवणारी आणि पुढे विद्यालयाच्या दारावर थाप मारणारी व्यक्ती एकटी होती. ज्याने बी पेरले त्याचे श्रेय त्याला द्यावे. झाड कोणाचे, हा प्रश्न निराळा.

४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस रोझेलहून त्यांनी विद्यालयाच्या चालकांना प्रवेशासाठी पत्र लिहिले. रीतसर परीक्षांची प्रमाणपत्रे त्यांच्यापाशी नव्हती. तेव्हा त्यांनी आपल्या पात्रतेचा दाखला म्हणून जे मांडले, ते विलक्षण आहे. स्वजन आणि स्वजाती ह्यांच्या एकवटलेल्या विरोधाला न जुमानता ज्या निश्चयाने आपण इथवर आलो, तोच अभ्यासातही उपयोगी पडेल, असे त्यांनी लिहिले. आणि ज्या देशभगिनी पुरुषाच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरतील त्यांच्यासाठी आपण आलो, हे हेतू म्हणून सांगितले. विद्यालयाची थोरवी, शहराचे सौंदर्य, स्वतःची हुशारी ह्यांचे नाव नाही. मुख्याधिकारी रेचेल बॉडले ह्या रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या, शब्दांपेक्षा वजनाला मान देणाऱ्या. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली.

ही निवड योग्य होती की नाही, ह्याचा पुरावा एका छायाचित्रात आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेल्या त्या चित्रात तिघी विद्यार्थिनी शेजारी शेजारी आहेत : जपानच्या केई ओकामी, दमास्कसच्या साबात इस्लामबूली आणि मध्ये-कडेला कोण ह्याचा विचारही मनात येऊ न देता बसलेल्या आनंदीबाई. तिघींचा पेहराव आपापल्या देशाचा. जे मद्रास, मुंबई व कलकत्ता ह्यांपैकी कोठेही मिळाले नसते, ते हेच होते. येथे विद्येच्या बदल्यात कोणी धर्म मागितला नाही, लुगडे मागितले नाही. उलट, प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला तो प्राचीन आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्राचा, आणि विद्यालयाने तो मान्य केला.

किंमत मात्र द्यावी लागली. फिलाडेल्फियाची थंडी, शाकाहाराचा निर्बंध, अभ्यासाचे ओझे ह्यांनी मुळातच नाजूक असलेली प्रकृती ढासळली व क्षयाने घर केले. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम समुद्र ओलांडून गेल्या होत्या. पाठोपाठ कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाचे काम देऊ केले. ज्या कोल्हापुरातून गोपाळरावांनी पहिले पत्र लिहिले होते, तेथूनच हे बोलावणे यावे!

त्या कामावर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. वर्षाच्या अखेरीस स्वदेशी परतल्या त्या रुग्ण म्हणूनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बाविसावे वर्ष पुरे होण्याच्या आत, त्यांचा अंत झाला. ज्या समाजाने वाळीत टाकण्याची भीती घातली होती, त्याच समाजातले लोक पुण्यात त्यांच्यासाठी हळहळले. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. फिलाडेल्फियाचे ते विद्यालय १९७० पर्यंत केवळ स्त्रियांचे राहिले. नंतर ते पुरुषांसही खुले झाले, आणि त्याचा वारसा आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयाकडे आहे.

आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क संस्थानातील पोकीप्सी गावी, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, मावशींच्या आप्तांच्या थडग्यांशेजारी त्यांच्या नावाचा दगड उभा आहे. आणि त्यावर नावापुढे पदवीची अक्षरे कोरलेली आहेत.