अंतिम सामना आणि अनोळखी शेजारी



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. विद्येच्या व्यासपीठावर पबची चर्चा कशाला, असे मनात येणे स्वाभाविक आहे. मद्याचा पुरस्कार करण्यासाठी मी उभा नाही, हे आधीच सांगतो. परंतु इंग्रजांचा पब म्हणजे आपल्याकडचा गुत्ता नव्हे. ‘पब्लिक हाउस’ या त्याच्या मूळ नावातच त्याचे मर्म आहे. तो आळीचा सामाईक दिवाणखाना आहे. तेथे म्हातारे वर्तमानपत्र चाळतात, रविवारी कुटुंबे जेवायला येतात आणि मोठा सामना असला की सारी आळी तेथे लोटते. घरी दूरचित्रवाणी आहे, आरामखुर्ची आहे. तरी माणसे पदरचे पैसे खर्चून, धक्के खात उभी राहायला का जातात, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

उदाहरण म्हणून रग्बीच्या एका अंतिम सामन्याचे घेतो. हा खेळ आपल्याकडे फारसा रुजला नाही, म्हणून थोडे सांगायला हवे. पंधरा-पंधरा गड्यांचे दोन संघ, एक लंबगोल चेंडू आणि ऐंशी मिनिटे. चेंडू हातात घेऊन पुढे धावायचे. पण साथीदाराकडे हाताने फेकायचा तो मागेच. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवला की पाच गुण. खेळता खेळता जमिनीवर टाकून, उसळताक्षणी लाथेने उंच खांबांमधून धाडला की तीन.

या खेळाचे आणि खाण्यापिण्याचे नाते जुने आहे. २६ जानेवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील २१ क्लबांनी आपली संघटना स्थापन केली, ती लंडनच्या एका उपाहारगृहात. आपल्या कलकत्त्यातही १८७३ साली इंग्रजांनी या खेळाचा क्लब काढला होता. सभासदांना मिळणारे फुकटचे पेय बंद झाले आणि सभासद गळू लागले, असे सांगतात. क्लब मोडला, तेव्हा शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवण्यात आला. कलकत्ता चषक या नावाने इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच्यासाठी झुंजतात. त्याच्या कड्यांवर नाग आहेत आणि झाकणावर हत्ती!

असो. २२ नोव्हेंबर २००३. सिडनीत विश्वचषकाचा अंतिम सामना. एका बाजूस यजमान आणि गतविजेता ऑस्ट्रेलिया, दुसऱ्या बाजूस इंग्लंड. सिडनीत रात्रीचे आठ, तेव्हा लंडनला सकाळचे नऊ. त्या शनिवारी इंग्लंडमधील कितीतरी पब भल्या सकाळी उघडले.

गर्दीच्या पबमध्ये सामना पाहण्याची एक गंमत आहे. तेथील निम्म्या लोकांना पडदा धड दिसतच नाही! मागच्या रांगेतला माणूस सामना पाहतो तो पुढच्यांच्या खांद्यांवर. खांदे उचलले गेले, मान खाली गेली, कोणी शेजाऱ्याचा दंड घट्ट धरला, यावरून त्याला मैदानातले कळते. म्हणजे तो खेळ पाहत नाही. खेळ पाहणारी माणसे पाहतो. घरच्या आरामखुर्चीत पडदा स्वच्छ दिसतो, पण हे मिळत नाही.

मध्यंतराला इंग्लंड १४–५ असे पुढे होते. ऐंशी मिनिटे संपत आली आणि ऑस्ट्रेलियाच्या फ्लॅटलीने १४–१४ अशी बरोबरी साधली. जादा वेळात इंग्लंड पुढे गेले. अखेरच्या मिनिटांत फ्लॅटलीने पुन्हा १७–१७ केले. नंतर, केवळ २६ सेकंद उरले असताना, जॉनी विल्किन्सनने चेंडू खांबांमधून धाडला. हा गडी मूळचा डावखुरा. ती लाथ त्याने उजव्या पायाने मारली. इंग्लंड २०, ऑस्ट्रेलिया १७. उत्तर गोलार्धातील देशाने हा चषक प्रथमच जिंकला.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. लंडनमध्ये ऑस्ट्रेलियन तरुण फार. अशा दिवशी पिवळा सदरा आणि पांढरा सदरा एकाच बाकावर दाटीने बसलेले असतात. रग्बीत दोन्ही पक्षांच्या प्रेक्षकांना वेगळे कोंडण्याची रीत नाही. ज्या क्षणी एकाला स्वर्ग हाती आल्यासारखे वाटते, त्याच क्षणी त्याच्या कोपराशी दुसऱ्याचे जग कोसळत असते, आणि ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागते. ज्या गर्दीत विजयी माणूस पराभूताला बाकावर सरकून जागा देतो, तिला मी समाज म्हणेन. जेथे देत नाही, तो केवळ जमाव.

दुसरी कसोटी घराच्या दारात लागते. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी फुटबॉलच्या २००२, २००६ आणि २०१० च्या विश्वचषकांच्या काळातील लँकेशायर पोलिसांच्या नोंदी तपासल्या. इंग्लंड हरले त्या दिवशी घरगुती मारहाणीच्या नोंदी ३८ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. सामना जिंकला वा बरोबरीत सुटला तरी २६ टक्क्यांनी. खेळ निराळा असला तरी पेला तोच आहे. पबमध्ये परक्याला जागा देणारा गृहस्थ घरी जाऊन बायकोवर हात उगारत असेल, तर त्याच्या त्या औदार्याची किंमत शून्य. एकत्र जमण्याचे गोडवे गाताना हा हिशेब झाकून ठेवता येणार नाही.

तरीही जमणे सोडून द्यावे, असे मी म्हणणार नाही. या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये सुमारे ६०,००० पब होते. त्यांतले हजारो आता बंद झाले आहेत. घरात एकट्याने सामना पाहणाऱ्याला हरलेल्याचा चेहरा दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याच्याविषयी वाटेल ते बोलणे सोपे होते. ही सवय खेळापुरती राहत नाही. ती निवडणुकीत शिरते, जातीपातीच्या वादात शिरते.

आपल्याला त्यासाठी पबची गरज नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हाही ग्रंथ घरी बसून वाचता येत होते. तरी माणसे उन्हाळ्यातल्या संध्याकाळी एकत्र बसली, न पटणारे विचारही शेजाऱ्यासह ऐकत राहिली. आज माझे म्हणणे ज्यांना पटलेले नाही, तेही येथे शेवटपर्यंत बसले आहेत.