उपग्रहाला वास येत नाही
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



उपग्रहांच्या माहितीवरून हवेतला ओझोन आणि एरोसोल, म्हणजे धूळ, धूर, मीठ यांचे बारीक कण मोजणं, हे माझं काम. त्यामुळे बोईसरला आलो की एक प्रश्न ठरलेला : "रात्री एमआयडीसीकडून वास येतो, तो कोणाचा हे तुझ्या उपग्रहाला दिसत असेल ना?" आज चहाच्या वेळीही दोघांनी विचारलं. खरं उत्तर देतो : नाही दिसत.

उपग्रह हवा हुंगत नाही. तो जमिनीवरून आणि हवेतून परतलेला सूर्यप्रकाश पाहतो. ओझोन काही अतिनील लहरी जास्त शोषतो, काही कमी. त्या फरकावरून त्याचं प्रमाण काढतात. 2017 साली सोडलेला सेंटिनेल-5पी दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो. रात्री ऊन नाही, म्हणून हे मोजमापही नाही. पावसाळ्यात ढग आड येतात. त्याचा सर्वांत लहान चौकोनही सुमारे साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा. कारखाने, चाळी, वाड्या मिळून आकडा एकच.

शिवाय तो खालपासून वरपर्यंतचा ओझोन एकत्र मोजतो. हा सगळा ओझोन जमिनीवर आणून दाबला, तर थर जेमतेम तीन मिलिमीटरचा होईल. त्यातला सुमारे नव्वद टक्के उंचावर, आपलं रक्षण करणारा. धूर आणि रसायनांच्या वाफांवर ऊन पडून खाली जो ओझोन तयार होतो, तो फुप्फुसांना त्रास देतो. पण या बेरजेत तो हरवून जातो.

मग उपग्रह कशाला? मोठ्या प्रदेशात वर्षानुवर्षं काय बदललं, हे त्याच्याइतकं कोणी सांगत नाही. पण त्याचा आकडाही जमिनीवरच्या यंत्राशी ताडून पाहावा लागतो. पुण्याच्या आयआयटीएममध्ये असं सूर्यप्रकाश मोजणारं यंत्र 2004 पासून आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात पहिलं आलं. गावाचा पहिला नंबर यावा असं शाळेत वाटायचं, पण हा नव्हे!

म्हणून एक विनंती. भूगोलाच्या सरांनी शिकवलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? दिवसा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेच्या गच्चीवर एक वातदिशादर्शक बसवू आणि एक वही ठेवू : तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वास कसा, डोळे चुरचुरले का. मुलांनी शाळेतलं लिहावं, रात्रीचं आपण घरून कळवावं. "नेहमीच वास येतो" ही तक्रार फाइलमध्ये पडून राहते; तारीख-वेळ-दिशा असलेल्या तीनशे नोंदी बाजूला सारणं अवघड जातं.

दरवर्षी त्या वहीशेजारी उपग्रहाचे आकडे मांडून द्यायला मी येईन. वरचं मी बघतो, खालचं तुम्ही लिहा.